नववीचा डबा

१६ ऑक्टोबर

आज जागतिक अन्न दिन, म्हणून नववीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत पटांगणात विक्री मांडली होती. रंगवलेल्या पणत्या, कागदी आकाशकंदील, भेळ. त्याआधी सोसायट्यांमधून रद्दी गोळा करून विकली, ते पैसे वेगळे. सगळी रक्कम सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्या संस्थेला जायची आहे.

फलक करताना वाद झाला. कुणीतरी मोबाइलवरून हाडं दिसणाऱ्या बाळाचा फोटो काढून आणला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "असला फोटो नको. आपल्यापैकी कुणाला बघून कसं वाटेल?" फोटो निघाला, त्या जागी जेवणाचं ताट काढलं. तिच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. बाकीच्यांना नसावी, आणि ते बरंच आहे.

मग तिनेच विचारलं, "बाई, शाळेतली खिचडी आठवीलाच का थांबते?" नियम सांगितला. केंद्राची ही योजना १९९५ची, शिजवलेलं अन्न द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१चा, आणि लाभ आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज दीडशे ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. नववीत गेलं की काहीच नाही. वाढीच्या ऐन वयात! नियम सांगताना मलाच तो पटत नव्हता. सकाळी नुसत्या चहावर आलेली मुलं चौथ्या तासाला डोकं बाकावर टेकवतात. त्याला आळस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पुण्याला शिकणाऱ्या मुलाची भूक नवी नाही. गावाकडून आलेली कितीतरी मुलं इथे माधुकरी मागून, वार लावून जेवली. १९०९ साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह अशाच मुलांसाठी होतं. पुढे १९७४मध्ये हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, 'कष्टाची भाकर' ही जेवणाची सोय सुरू केली, ती फुकट नव्हे, परवडेल अशा दरात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. घासासाठी कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

मुलांनी हे आपल्या परीने ओळखलंय. संस्थेचे पैसे संस्थेलाच जाणार, त्यात त्यांनी एक रुपयाही इकडेतिकडे करू दिला नाही. पण वर्गात शेंगदाण्याच्या लाडवांचा एक डबा ठेवायचा, असं आज त्यांनी ठरवलं. झाकण उघडं, ज्याला हवा त्याने घ्यावा, वहीत नाव लिहायचं नाही. मुख्याध्यापकांनी नोंद हवी म्हटल्यावर मुलं म्हणाली, लाडू किती केले ते लिहू, कुणी खाल्ले ते नाही.

सोमवारच्या पालकसभेत हा विषय मी मांडणार आहे. मार्केट यार्डातून दाणे-गूळ घाऊक आणला तर काय पडेल, याचा हिशेब मुलांनी माझ्याकडे दिलाय.