मिशिगन थिएटरमध्ये बसून केशवराव आठवलं

काल इथं अमेरिकेत ॲन आर्बरच्या मिशिगन थिएटरला गेलेलो. पिक्चरच्या आधी स्टेजपुढच्या खड्ड्यातून ऑर्गन हळूहळू वर आला, वाजवणारा आमच्याकडं पाठ करून बसलेला, आणि पहिल्याच सुराला खुर्चीचा हात थरथरला. 1928 चं थिएटर हे, मूकपटाच्या काळातलं, आणि ऑर्गन पण तेव्हाचाच.

1979 मध्ये हे आतनं पाडून दुकानं काढायचं घाटत होतं. गावकऱ्यांनी ते होऊ दिलं नाही, संस्था काढली, पुढं नगरपालिकेनं इमारत घेतली, आता सिनेमा, गाण्याचे कार्यक्रम सगळं चालतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून काही हौशी लोक तो ऑर्गन दुरुस्त करून वाजता ठेवत होते, मला ते सगळ्यात भारी वाटलं. एवढा जीव लावणारी माणसं आधीपासून होती म्हणूनच पुढं गाव धावून आलं असणार.

आणि मग आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवलंच. 8 ऑगस्ट 2024, इथं दुपार होती, भावानं व्हिडिओ पाठवला, छपरातनं ज्वाळा बाहेर येतायत आणि रस्त्यावर माणसं नुसती बघत उभी. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवराव भोसलेंची जयंती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं आपलं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग, एका बाजूला नाटक, एका बाजूला कुस्ती, असं गाव दुसरीकडं कुठं असंल!

पप्पा राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचे तेव्हा मी विंगेत पाण्याची बाटली धरून उभा असायचो. लाकडी स्टेजवर कोण चाललंय ते पावलाच्या आवाजावरनं कळायचं. तिसरी घंटा झाली की पप्पा एकदा वाकून स्टेजला हात लावायचे आणि मगच आत जायचे.

आता परत उभारायचं तर दगडी भिंती, छप्पर, फायर सिस्टीम हे सगळं पाहिजेच, पण भाडं हौशी संघाला परवडंल एवढंच ठेवा, आणि तालमीला जागा द्या. आणि ज्यांनी तिथं आयुष्य काढलं त्या बॅकस्टेजवाल्यांना, पडदा ओढणाऱ्यांना एकदा बसवून विचारा की काय कुठं होतं.

रात्री पप्पांना फोन करून म्हटलं, तुम्हाला आठवतंय ते सगळं रेकॉर्ड करून पाठवा. सकाळी उठून बघतो तर अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज, सुरुवातच अशी, "हे बघ, प्रॉम्प्टर डाव्या विंगेत बसायचा, तिथनं सांगतो..."