रागावायला सोयीचं नाव

भाची नऊ दिवसांची झाली तरी नावाचा पत्ता नाही. कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, पण करू काय? परवा जेवणं उरकल्यावर दादानं जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी केली आणि आम्ही खोडायला बसलो.

गंधाली पहिल्या फटक्यात गेलं. इंदुरात गंधालीची ‘गंदी’ व्हायला पहिलीचा वर्ग पुरे. अनुभवानं सांगते, माझं नाव प्राजक्ता, आणि हिंदीच्या सरांनी हजेरीत एकदा ‘अराजकता’ वाचलं होतं. मी निमूट ‘यस सर’ म्हणाले. वैदेही वहिनीनं खोडलं. वनवास नको.

आजीचं टाळणं निराळं. तिच्या सासऱ्यांचं नाव दत्तात्रेय, ते तोंडात घ्यायचं नाही, म्हणून दत्तजयंतीला ती ‘औदुंबरातल्यांचा जन्म’ म्हणायची. काकांनी हौसेनं धाकट्याला पणजोबांचंच नाव ठेवलं. आजी त्याला शेवटपर्यंत ‘गुरुवार’ म्हणत राहिली. रामबागेतल्या वाड्यात ‘मेल्या गुरुवारा, परत दूध सांडलंस!’ असं ऐकू आलं की नवे भाडेकरू दचकायचे. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर अजून गुरुवार याच नावानं आहे.

शेवटी दादा म्हणाला, “अहिल्या.”

कुणी बोलेना. विमानतळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं, राजवाड्यासमोर पुतळा; आमच्या नात्यात मात्र एकही अहिल्या नाही. “रागावू कशी?” वहिनी म्हणाली. “अहिल्ये, कार्टे, इकडे ये? जीभच वळायची नाही.” खरंच की. देवांचे आपण गण्या नि विठ्या करतो, तेव्हा काही वाटत नाही. हसलो सगळे.

आई शेंगा सोलत होती, ती हसली नाही. तीस वर्षं इतिहास शिकवलाय तिनं, सनावळ्या तोंडपाठ. “1754 मध्ये कुंभेरला नवरा गेला,” ती म्हणाली. “1767 मध्ये मुलगा, मालेराव. 1791 मध्ये जावई गेला आणि मुक्ता सती गेली. एकच लेक राहिली होती, तीही.” मग पुन्हा शेंगांकडे वळली.

दादानं नाव खोडलं नाही, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. जन्मदाखल्यात नावाचा रकाना वर्षभर कोरा चालतो, तेवढ्यात भरला तर फी पडत नाही. तूर्त ठमी.