ग्राइंडिंग सेक्शन व्हेंडरकडे देताना: माझा अनुभव

गिअरबॉक्सचा शाफ्ट घरात ग्राइंड करणं (घासणाऱ्या चाकाने, म्हणजे व्हीलने, नेमक्या मापाला आणणं) बंद करून व्हेंडरकडे द्यायचं ठरलं, तेव्हा क्वालिटीकडून ते ट्रान्सफर माझ्या गळ्यात पडलं. कारखाना चाकण पट्ट्यातला, व्हेंडर भोसरी एमआयडीसीतला, आणि दोघांचीही नावं इथे नकोत. पुढे ज्यांच्यावर हे काम येईल त्यांना, आणि ज्यांचं मशीन बाहेर जाणार आहे त्या कामगारांनाही उपयोगी पडेल एवढंच लिहितो.

आधी कॉस्टिंग, कारण निर्णय तिथेच होतो. आपल्या शीटमध्ये ग्राइंडिंगला जो मशीन-अवर-रेट (मशीनच्या दर तासाचा खर्च) लागतो, त्यात कॅन्टीन, बस, सिक्युरिटी, मॅनेजरांचे पगार असं सगळं वाटून टाकलेलं असतं. व्हेंडरच्या कोटेशनमध्ये यातलं फारसं काही नसतं, म्हणून तो स्वस्त दिसतो. पण सेक्शन बंद झाला म्हणून बस बंद होत नाही. तो खर्च उरलेल्या सेक्शनांवर चढतो आणि पुढच्या बजेटमध्ये गिअर कटिंग महाग दिसायला लागतं. मग तेही बाहेर द्यायची भाषा सुरू होते. तुलना करायचीच तर जो खर्च खरोखर थांबणार आहे त्याचीच करावी: त्या सेक्शनचे पगार, वीज, व्हील, कूलंट, मेंटेनन्स. समोरच्या बाजूला वाहतूक, पॅकिंग, इनकमिंग तपासणी आणि जादा स्टॉकमध्ये अडकणारा पैसा धरावा. आमच्या पहिल्या शीटमध्ये समोरची बाजू जवळपास कोरी होती.

आता पार्ट. २०एमएनसीआर५ स्टील, केस कार्बुराइज्ड (वरचा थर, म्हणजे केस, कार्बन मुरवून कडक केलेला), हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापात). बेअरिंग बसते तो व्यास २५ के६, म्हणजे २५.००२ ते २५.०१५ मिमी. सगळी मिळून मुभा १३ मायक्रॉनची. ड्रॉइंगवर हे सगळं आहे. नाही ते असं, की हीट ट्रीटमेंटमधून शाफ्ट वाकडे होऊन येतात आणि ते कुणीतरी सरळ करावे लागतात.

हे काम पाहण्यासारखं असतं. शाफ्ट दोन सेंटरवर फिरवून डायलची सुई जिथे सर्वात वर जाते तिथे खडूची खूण करायची, ती बाजू वर ठेवून हँडप्रेसखाली घ्यायचं, आणि सरळ रेषेच्याही थोडं पलीकडे दाबून सोडायचं. किती पलीकडे, ते त्या लॉटच्या हार्डनेसवर ठरतं. ६२च्या लॉटला ५८ची सवय लावून दाबलं की केसला तडा जातो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टमध्येच (चुंबकीय भुकटीने तडे शोधायची तपासणी) दिसतो. आमच्याकडचे जुने सेटर (मशीन लावून देणारे कारागीर) लॉटचे पहिले दोन-तीन शाफ्ट दाबून बघत, सुई किती परत येते त्यावरून हाताचा जोर ठरवत आणि मगच ट्रॉली ओढत. याची वर्क इन्स्ट्रक्शन एका ओळीची होती: ‘रनआउट ०.०५च्या आत आणणे.’ (रनआउट म्हणजे शाफ्ट फिरवताना सुई एकूण किती हलते ते.)

हे लोक गेले व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत. खरी गोम इथे आहे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-जी प्रमाणे कामगार कपात करायची तर सर्वात शेवटी आलेला आधी जायचा. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात त्याआधी २५-एन खाली तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी लागायची. ही कटकट नको म्हणून कंपन्या व्हीआरएस काढतात. व्हीआरएसची रक्कम मात्र सेवेच्या वर्षांवर ठरते, म्हणजे ज्याची वर्षं जास्त त्यालाच ती परवडते. परिणाम बरोबर उलटा: पंचवीस वर्षं हँडप्रेसवर काढलेला माणूस पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरतो, आणि शाफ्ट लावणं-काढणं एवढंच येणारा ट्रेनी मागे राहतो. आमच्याकडे व्हीआरएसची खिडकी उघडली तेव्हा व्हेंडरच्या शेडमध्ये अजून फाउंडेशन भरायचं होतं. व्हीआरएसची तारीख फायनान्सने तिमाहीवर ठरवली होती आणि ट्रान्सफरची प्रॉडक्शनने मशीनवर. दोन्ही तारखा एका कागदावर कुणीच मांडल्या नव्हत्या.

फॉर्म भरणाऱ्यांना हिशेब तपासायला जे सांगत होतो ते इथेही देतो. ग्रॅच्युइटीला तेव्हा शेवटचा बेसिक अधिक डीए धरत, त्याला २६ ने भागून १५ ने आणि वर्षांनी गुणतात. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण मोजलं जातं. समजा बेसिक-डीए २६,००० आणि सेवा २२ वर्षं ७ महिने, तर १५,००० गुणिले २३, म्हणजे ३,४५,०००. कपातीच्या भरपाईचं गणित वेगळं. तिथे शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांच्या पगाराची सरासरी धरतात आणि त्यात तेव्हा बहुतेक भत्तेही येत. १५ दिवस म्हणजे त्या महिन्याचा अर्धा, २६ चा भागाकार इथे नाही. सरासरी ४०,००० असेल तर २०,००० गुणिले २३, म्हणजे ४,६०,०००. व्हीआरएसची ऑफर या भरपाईपेक्षा आणि नोटीसच्या पगारापेक्षा किती वर आहे, ते बघायचं. ग्रॅच्युइटी, पीएफ आणि शिल्लक रजेचे पैसे त्याच्या बाहेर. काही पत्रकांत ‘एकूण लाभ’ म्हणून सगळं एकत्र करून मोठा आकडा छापतात. त्यातून ग्रॅच्युइटी आणि रजा वजा केल्या की उरतं तेच खरं पॅकेज.

व्हीआरएस कायद्याने ‘कपात’ होत नाही, त्यामुळे दोन गोष्टी हातून जातात. कंपनीने पुढे पुन्हा भरती केली तर कपात झालेल्याला २५-एच प्रमाणे प्राधान्य असायचं, ते व्हीआरएसवाल्याला नव्हतं. ईएसआयसीची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना ९० दिवसांपर्यंत निम्मा रोज देते, तीही स्वेच्छेने गेलेल्याला मिळत नाही. पीएफमध्ये एकच गोष्ट अडकवते: पोर्टलवरची सोडल्याची तारीख आणि कारण. ते कंपनीने भरल्याशिवाय गेटपास परत देऊ नका. पेन्शनची दहा वर्षं झाली असतील तर पैसे काढायचा प्रश्न येत नाही, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनच्या सेवेचा दाखला) घ्यायचं. पेन्शन ५८ ला पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधी घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कमी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्यावर परवानगीची मर्यादा शंभरवरून ३०० कामगारांवर गेली आहे. आमच्यासारख्या मध्यम कारखान्यांना आता व्हीआरएसचा खर्च करायची फारशी गरज उरणार नाही. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी संहितेतला रीस्किलिंग फंड विसरू नये. कपात झाल्यास आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यावर यायला हवा.

कंत्राटी पोरं तर या सगळ्या हिशेबात नव्हतीच. ती आधीच गेली, एका शनिवारी, ठेकेदाराच्या फोनवर. त्यांचा पगार ठेकेदाराने बुडवला तर तो देणं मूळ मालकावर आहे, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं. पण हे त्यांना सांगणारं तिथे कुणी नसतं.

मशीन हलवणं त्यामानाने सोपं. दोन ग्राइंडर जॉब-वर्कच्या (मालकी आपली, काम दुसऱ्याकडे) चलनावर गेले. जीएसटीत कॅपिटल गुड्स तीन वर्षांत परत यावे लागतात, जिग, फिक्स्चर आणि टूल्सना ही मुदत नाही, म्हणून चलनं वेगळी करावीत. एअर गेजबरोबर (हवेच्या दाबाने व्यास मोजणारं गेज) त्याचे सेटिंग मास्टर (गेज लावायचे ठरलेल्या मापाचे नमुने) जातात, ते कुणीतरी विसरतंच. मधल्या काळासाठी बनवून ठेवलेला स्टॉक ऐन पावसाळ्यात पडून राहिला. ग्राइंड केलेल्या जागेला बोट लागलं तरी त्या ठशाचा गंज येतो. रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल आणि व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी यांचा खर्च स्टॉक बनवायच्या आधी मंजूर करून घ्या.

पीपॅप (उत्पादन सुरू करण्याआधीची पार्टची मंजुरी) उत्तम पास झाला. सलग ३०० पीस, सीपीके (मापं हद्दीच्या किती आत बसतात त्याचा आकडा) १.६७ च्या वर. पण तो रन दिवसपाळीत, व्हेंडरच्या सर्वात हुशार ऑपरेटरने, नव्या व्हीलवर काढला होता. रात्रपाळीला तिथे पीसरेटवरची (नगावर पैसे मिळणारी) मुलं असतात. अशा पार्टचा रन-ॲट-रेट (रोजच्या वेगाने चालवून बघायची चाचणी) दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीत, रोजच्याच माणसांकडून घ्यायचा हट्ट धरावा. गेज आपलाच असला तरी गेज आर अँड आर (मोजणाऱ्यागणिक माप किती बदलतं त्याची चाचणी) त्यांच्या माणसांवर नव्याने करावा.

मग तक्रारी सुरू झाल्या. पहिली, बेअरिंग ढिली. व्हेंडरच्या रिपोर्टमध्ये सगळे साइज आत, आमच्या इनकमिंगला खालच्या हद्दीच्याही खाली. स्टील दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा शाफ्ट दहा अंश गरम असताना मोजला तर जवळपास तीन मायक्रॉन मोठा दिसतो, आणि १३ मायक्रॉनच्या मुभेत तीन म्हणजे बरंच झालं. तिथे कूलंटची टाकी छोटी होती, दुपारी कूलंट कोमट व्हायचं आणि पीस मशीनवरून काढल्या काढल्या मोजले जायचे. उपाय स्वस्त होता: मास्टर आणि पीस एकाच ताटात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग मोजणे, आणि टाकी मोठी करणे.

दुसरी, गिअरबॉक्सचा आवाज. मायक्रोमीटरवर सगळं छान. शेवटी शाफ्ट ६० अंशाच्या वी-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) फिरवला आणि डायल हलला. शाफ्टला तीन लोब होते, म्हणजे तो नीट गोल नसून तीन ठिकाणी फुगलेला होता. दोन टोकांत पकडून मोजणारं कोणतंही गेज तीन लोबची चूक दाखवत नाही, ६० अंशाच्या वीमध्ये ती तिप्पट होऊन दिसते. व्हेंडरने सायकल टाइम वाचवायला सेंटरवरचं ग्राइंडिंग सोडून सेंटरलेस (शाफ्ट टोकांना न धरता दोन चाकांमध्ये घासणं) सुरू केलं होतं, न कळवता. त्याच्या बाजूनेही कारण होतं: सेंटरवर धरायचं तर हीट ट्रीटमेंटनंतर सेंटर (शाफ्टच्या टोकांची भोकं) लॅप करावे, म्हणजे घासून साफ करावे लागतात, आणि कोटेशनमध्ये ते ऑपरेशनच नव्हतं. आमच्या प्रोसेस शीटमध्येही नव्हतं. आमचा सेटर ते मशीन गरम होईपर्यंत करून टाकायचा.

तिसरी सर्वात वाईट, कारण ती फील्डमध्ये, म्हणजे ग्राहकापर्यंत गेली. बेअरिंग सीटवर बारीक तडे. साइज बरोबर, गोलाई बरोबर, हार्डनेसही बरोबर. हा ग्राइंडिंग बर्न होता. आमच्याकडे दर २० पीसनंतर व्हील ड्रेस (घासून पुन्हा धारदार) व्हायचं. पीसरेटवरचा ऑपरेटर ड्रेसिंगला थांबला की त्याचा पीस जातो, म्हणून तो व्हील बोथट होईपर्यंत चालवतो. बोथट व्हील कापत नाही, घासतं आणि पृष्ठभाग जाळतं. रॉकवेलचा इंडेंटर ६० एचआरसीला सुमारे ०.०८ मिमी आत जातो. जळलेला थर त्याहून पातळ असेल तर आकडा बरोबरच येतो. नायटल एच (पृष्ठभागावर पातळ ॲसिड लावून बघणं) केल्यावर मात्र काळपट पट्टे स्वच्छ दिसतात. ३ ते ५ टक्के नायट्रिक ॲसिड, चष्मा आणि हातमोजे घालून, आणि तपासलेला पीस परत लॉटमध्ये टाकायचा नाही.

लगेचचा उपाय म्हणून आमच्या गेटवर शंभर टक्के तपासणी बसवली आणि तिची डेबिट नोट (खर्च त्याच्या खात्यावर टाकल्याचा कागद) व्हेंडरला गेली. त्याने ती भरली, आणि पुढच्या महिन्यात स्वस्त व्हील आणलं. डेबिट नोटेचं असंच होतं. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम असूनही त्याची बिलं आमच्याकडे त्याहून जास्त लटकत होती, हेही मीटिंगमध्ये मांडावं लागलं.

नंतर व्हीआरएस घेतलेल्या सेटरांपैकी एकाला व्हेंडरने रोजंदारीवर बोलावलं, आमच्याकडे मिळत होतं त्याच्या निम्म्याहून कमी पैशात. त्याच्याजवळ बसून हँडप्रेसची इन्स्ट्रक्शन पुन्हा लिहिली. आता तिची दोन पानं झाली आहेत, हार्डनेसप्रमाणे किती दाबायचं याच्या तक्त्यासह. दाबल्यानंतर मॅग्नेटिक टेस्ट शंभर टक्के. सेंटर लॅपिंगला स्वतंत्र ऑपरेशन नंबर मिळाला. ड्रेसिंग काउंटर मशीनच्या सायकलला जोडला: २० पीस झाले की ड्रेस केल्याशिवाय सायकल सुरू होत नाही, आणि रीसेटचा पासवर्ड ऑपरेटरकडे नाही.

या सगळ्याचा टाइम स्टडी आम्ही आणि व्हेंडरने मिळून पुन्हा केला. लॅपिंग, ड्रेसिंगचा थांबा आणि थंड होईपर्यंतचा वेळ धरून व्हेंडरने नवा रेट मागितला. परचेसने तो अजून अडवून धरलाय.