नव्या स्क्रीनवरची हळद

सकाळी खोकी फोडली तेव्हा काका कुंकवाची डबी घेऊन उभेच होते. मी म्हटलं, "खोक्याला लावा, लॅपटॉपला नको." मालक असूनही बिचाऱ्यांनी ऐकलं.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं डिझाइनचं दुकान. पाकिटं, लेबलं, पोत्यांवरचे छाप करून द्यायचे. आजवर सगळं एका बावीस इंची मॉनिटरवर चाललं. २०१९च्या पुरात तो माळ्यावर होता म्हणून वाचला. पुढे स्क्रीन पिवळट पडली, पण इतक्या हळूहळू की मला ते जाणवलंच नाही. आता समोर सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर आणि चौदा इंची लॅपटॉप.

पहिला तास चिडचिडीत गेला. माऊस अडखळत चालायचा. सेटिंगमध्ये बघतो तर तीस हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं. सवयीने जुनीच एचडीएमआय केबल लावली होती, तिला फोर-के पेलवेना. खोक्यातली टाइप-सी लावल्यावर साठ मिळाले, शिवाय त्याच वायरीतून चार्जिंगही. मात्र लॅपटॉपला साध्या पेनड्राइव्हसाठी एकही जागा नाही, आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं पेनड्राइव्हच घेऊन येतात. हे कुणी ठरवलं देव जाणे.

अक्षरं मात्र अशी लख्ख की हळदीच्या पाकिटामागचा सहा पॉइंटातला मजकूर झूम न करता वाचला. 'निव्वळ वजन' या शब्दांपुढे कोलन हवा, तिथे मी विसर्ग टाकलेला. दोन वर्षं तसंच छापलं जात होतं!

दुपारी त्याच पाकिटाचे शेठ आले. हरिपूरच्या पेवांतला, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांतला माल बघत मोठे झालेले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाकिटावर 'सांगली' मोठ्ठं हवं हा त्यांचा हट्ट. फाइल उघडली आणि ते मागे सरकले.

"आवो, ही हळद हाय व्हय? ह्यो तर रंगपंचमीचा रंग!"

मॉनिटर दुकानातून येतो तो भडक मोडवर, ब्राइटनेस पूर्ण. एसआरजीबी, म्हणजे प्रमाण रंगांचा मोड लावला, ब्राइटनेस तिसऱ्या हिश्शावर आणला. भडकपणा गेला, तरी पिवळा लिंबासारखाच. छपाईच्या शाईचे आकडे बघितले: यलो शंभर, मॅजेंटा म्हणजे गुलाबी-लाल आठ. आठात हळद कशी दिसणार? पण छापलेलं पाकीट खिडकीपाशी नेलं, तर त्यावर रंग अगदी बरोबर.

प्रेसला फोन लावला. मशीनवरचे दादा हसले. "तुमचं पिवळं कायम कच्चंच येतं की. मी दर वेळी मॅजेंटा चढवून घेतो."

म्हणजे पिवळट पडद्यातून मला पिवळा आधीच उबदार दिसायचा, म्हणून मी लाल कमी टाकायचो, आणि दादा तो गुपचूप भरून काढायचे. शेठ खूश, काका खूश. आणि मी इतकी वर्षं 'आपला रंगाचा डोळा चांगला' असं लोकांना सांगत फिरत होतो.

शेठनी पिशवीतून राजापुरी हळदीची पुडी काढून माझ्या चहाच्या बशीत ओतली. "ह्याला जुळवा." बशी स्क्रीनशेजारी धरून मॅजेंटा एकेक वाढवत गेलो. बावीसवर शेठनी मान डोलावली. दादांना परत फोन करून सांगितलं, आता हात लावू नका. "बघू," म्हणाले.

बशी उचलताना थोडी हळद लॅपटॉपवर सांडली. पोऱ्याने लगबगीने साबणाचं ओलं फडकं फिरवलं. हळदीला साबण लागला, फडकं लालभडक. काका लांबूनच म्हणाले, "झालं का हळदीकुंकू?"