दोन दिवसांत काय बघून होतं?

शनिवारी पहाटे निघता, रविवारी रात्री परत. एवढ्यात काय बघून होतं हो? लख्ख उन्हाच्या, समुद्रकाठच्या एखाद्या शहरात जाऊन आले की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडं कुतूहल असतं आणि बराचसा हिशेब. "काही नाही," असं उत्तर मी बरीच वर्षं देत आले. ते खरं आहे, पण अपुरं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडेही यादी होती. अकरा ठिकाणं. दीपस्तंभ, जुनं बंदर, संग्रहालय, आणखी काय काय. दुपारी एक वाजता मी एका तटबंदीवर उभी होते. वारा इतका सुरेख होता की ऊन लागतंय हे कळलंच नाही. सनस्क्रीन लावलं होतं, पण चेहऱ्याला आणि हातांना. पावलांची आठवण कुणाला असते? रात्री पायांना चादर सोसेना, आणि चपलेच्या पट्ट्यांची नक्षी पुढे दोन महिने मिरवली. अकरांपैकी आज तीन ठिकाणं आठवतात. नक्षी मात्र अजून आठवते.

तेव्हापासून एक धडा गिरवते आहे: अशा शहराला स्वतःचं वेळापत्रक असतं, आणि ते वारा, पाणी आणि ऊन मिळून ठरवतात. आपण आणखी एक बनवून न्यायची गरज नसते.

वाऱ्याचंच बघा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, परीक्षेत दोन गुणांना. किनाऱ्यावर दोन दिवस काढले की ते अंगाला कळतात. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. बहुतेक स्वच्छ दिवसांत हे सकाळी उशिरा सुरू होतं आणि दुपारी जोर धरतं. रात्री जमीन निवली की वारा उलटा, समुद्राकडे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या लोकांनी तर या दुपारच्या वाऱ्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' असं नाव दिलंय. डॉक्टर आला की शहराचा ताप उतरतो. पण हा डॉक्टर थोडा लबाड आहे. तो उकाडा घालवतो, अतिनील किरणं नाही. म्हणून आता माझा नियम साधा आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसू लागली की उन्हातून उठायचं. दुपारभर खिडकी उघडी टाकून लोळायचं. झोप लागली तर उत्तम. यादी केली असती तर हेच तिचं पहिलं कलम झालं असतं.

पाण्याचं गणित आणखी मजेचं. बॅग टाकली की मी आधी वाळूवरची रेघ बघायला जाते. शिंपले, शेवाळ, काड्या यांची जी ओळ पडलेली असते ती मागच्या भरतीची सही. त्या ओळीच्या वर बसावं. मी एकदा खाली बसले होते. डुलकी लागली आणि एक सँडल गेली. दुसरी घेऊन काय करायचं हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे आज दहाला आलेलं पाणी उद्या पावणेअकराच्या पुढे येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. अर्थात हेही सगळीकडे सारखं नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी काही ठिकाणी 16 मीटरपर्यंत चढतं-उतरतं, तर भूमध्य समुद्राच्या बहुतेक काठांवर इतकं थोडं की नवख्याला पत्ताही लागत नाही. ओहोटी सकाळी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवर मैलभर चालायचं. भरती असेल तर कठड्यावर बसायचं. ठरवायचं काही उरत नाही, आणि आठवडाभर ठरवून ठरवून थकलेल्या माणसाला यापेक्षा मोठी सुट्टी मिळणं कठीण.

पोहणाऱ्यांना एकच सांगते, आणि हे गंमत म्हणून नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत आहे, असं दिसलं तर तिथे उतरू नका. काठावर आलेलं पाणी अनेकदा तिथूनच वेगाने आत परततं. त्यात सापडलातच तर काठाकडे झुंजू नका. तरंगत राहा, मदतीसाठी हात वर करा, जमेल तर काठाला समांतर पोहत बाहेर पडा. जीवरक्षक असतील तिथेच पोहावं, हे तर आलंच.

संध्याकाळचा कार्यक्रम मात्र मी चुकवत नाही. शहर पश्चिमेला तोंड करून असेल तर सूर्यास्त दोनदा बघता येतो. (पूर्वेचं असेल तर पहाटे उठा, माझी काही तक्रार नाही.) वाळूवर आडवं व्हायचं. सूर्याची शेवटची कड बुडाली की झटकन उभं राहायचं. डोळे दीड-पावणेदोन मीटर वर गेले की क्षितिज जवळजवळ पाच किलोमीटरवर सरकतं आणि ती कड पुन्हा दिसते, दहा-एक सेकंद. खरं तर सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा तो सरळ रेषेत क्षितिजाखाली गेलेलाच असतो. हवेत प्रकाश वाकतो म्हणून दिसतो. म्हणजे गेलेला सूर्य मी दोनदा बघते.

मागच्या खेपेला शनिवारी मी अशीच धडपडत उठले, तर शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "काही हरवलं का?" मी सांगितलं. त्यांनी क्षितिजाकडे पाहिलं, मग माझ्या वाळूने माखलेल्या पाठीकडे.

"उद्या किती वाजता?"

"आजच्याच वेळेला. मिनिटभर इकडेतिकडे."

रविवारी मी पोचले तेव्हा ते आधीच आले होते. बगलेत चटईची गुंडाळी होती.