आरोप नाही, खटला नाही : नगरच्या किल्ल्यात

नगरचा भुईकोट किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. फाटकावर ओळखपत्र दाखवून नोंद केली की आत सोडतात. भोवती खंदक, पलीकडे काळ्या दगडाची गोलाकार तटबंदी. चांदबीबीच्या गोष्टी ऐकत वाढलेले आपण बुरुजांकडेच बघत राहतो. मी मात्र आधी नेता कक्ष गाठला.

ओळीनं खोल्या. काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथे ठेवले होते: नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव... ९ ऑगस्ट १९४२ला पहाटे मुंबईत उचललं आणि रेल्वेनं इकडे आणलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, मुदत नाही. कुठे ठेवलंय हेसुद्धा सरकारनं सुरुवातीला सांगितलं नाही. नेहरूंनी इथे ‘भारताचा शोध’ लिहिला हे शाळेपासून पाठ असतं आणि किल्ल्याची ओळख तिथेच संपते. मला हे खटकतं. त्यानं ही कैद अभ्यासिकेसारखी वाटू लागते. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या, तेव्हा आझाद इथेच कोंडलेले होते. शिक्षा झालेला कैदी सुटकेचे दिवस तरी मोजतो. स्थानबद्धानं काय मोजायचं?

त्याच एप्रिलमध्ये फेडरल कोर्टानं, म्हणजे तेव्हा देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, केशव तळपदे या मुंबई इलाख्यातल्या स्थानबद्धाच्या प्रकरणात निकाल दिला: युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांपैकी ज्या नियम २६ खाली माणसं डांबली जात होती, तो नियमच मूळ भारत संरक्षण कायद्याच्या बाहेर जातो. सरकारनं काय केलं? काही दिवसांत वटहुकूम काढून तो नियम कायदेशीर करून घेतला. तळपदे हे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे?

आणि नगरनं हे त्याआधीही पाहिलं होतं. बोअर युद्धातले कैदी इथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात आणि पुन्हा १९३९ मध्ये हिंदुस्थानात राहणारे जर्मन नागरिक इथल्या छावणीत आले. दुसऱ्या खेपेला त्यांच्यात हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यूही होते. पासपोर्ट जर्मन, म्हणून शत्रू! ज्याच्यापासून जीव वाचवून आले, त्याचेच हस्तक ठरवून त्यांना तारेमागे घातलं. हे वाचल्यापासून मला ती छावणी बघायची होती. लष्करी हद्दीच्या कडेनं हिंडलो, दोन-तीन वयस्कर दुकानदारांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. नगरकरांपैकी कोणाला ती जागा नेमकी ठाऊक असेल, तर कृपया कळवा. मी पुन्हा येईन.