पाळकीणबाईंचा चार्ज

पाळकसाहेबांची बदली झाली की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीचे सेक्रेटरी कपाट उघडतात. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं, दफनाचं, सभासदांची यादी, पासबुक, किल्ल्यांचा जुडगा, खुर्च्या किती, सतरंज्या किती. जुने साहेब सही करतात, नवे साहेब सही करतात, चार्ज झाला. त्याच वेळी मागच्या दारी जुन्या पाळकीणबाई, म्हणजे जुन्या साहेबांच्या पत्नी, नव्या बाईंना सांगत असतात: दूधवाला साडेसहाला येतो, पाण्याची मोटर तीनदा चालू-बंद केल्याशिवाय पाणी ओढत नाही, आणि गल्लीच्या टोकाच्या आजींना उजव्या कानानं ऐकू येत नाही, बसायचं तर डाव्या बाजूला. हा दुसरा चार्ज कुठल्याच रजिस्टरात नसतो. तो लिहून ठेवावा, आणि त्यात काय लिहावं, एवढ्यापुरतं हे पान.

आपल्या भागात दोन मिशनांची माणसं होती. सातारा-वाई बाजूला अमेरिकन मराठी मिशन, सांगली-मिरज बाजूला अमेरिकन प्रेस्बिटेरियन. १९७० साली नागपुरात सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, आणि आता या दोन्ही परंपरा तिच्याच छत्राखाली आहेत. चर्चची घटना, म्हणजे नियमावली, एक, पण सवयी गावोगावच्या. म्हणून वाईला जे चाललं ते मिरजेला चालेलच असं नाही, आणि नव्या बाईंची पहिल्या सहा महिन्यांतली निम्मी चूक इथेच होते. "आमच्या आधीच्या मंडळीत असं करायचे" हे वाक्य वर्षभर तरी तोंडात येऊ देऊ नये.

नेमणूक साहेबांची, पगार साहेबांचा, काम दोघांचं. हे आजचं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज मांडला, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. टिळकांवर पुष्कळ लिहिलं गेलं. पण ठरावीक पगार थांबल्यावर, आल्यागेल्यासाठी कायम उघड्या असलेल्या घरात चूल कशी पेटत राहते, हा प्रश्न त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा होता, आणि ज्या घरात पाहुणा विचारून येत नाही अशा प्रत्येक पाळकगृहात तो अजून आहे.

आता मुख्य काम. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत सगळ्यांनी भाकर नि द्राक्षरस घेणं. बऱ्याच मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. वेदीवर जे दिसतं त्याची तयारी शुक्रवारपासून स्वयंपाकघरात चाललेली असते. आपल्याकडे आंबवलेला द्राक्षारस न वापरता साधा रस वापरतात, आणि द्राक्षांचं तासगाव हाकेच्या अंतरावर असताना बाटलीतलं गुलाबाचं सरबत पातळ करून पेल्यांत ओतणं मला तरी पटत नाही.

हिशोब असा. छोट्या पेल्यात १० मिलि रस पुरतो. १५० माणसांना दीड लिटर, सांडलवंड आणि घरी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी धरून दोन लिटर करावा. त्याला तीन किलो काळी द्राक्षं लागतात, शरद किंवा जम्बो. फेब्रुवारी ते एप्रिल ती मुबलक असतात. हिरवी थॉमसन घेतली तर चव चालते, पण रंग पाण्यासारखा येतो आणि मागच्या बाकावरून कुजबुज होते.

द्राक्षं मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोनदा धुवावीत, कारण फवारणी असते. एकेक मणी देठावरून काढावा. देठासकट टाकली तर रस तुरट होतो. स्टीलच्या पातेल्यातच घ्यावीत. रस आंबट, ॲल्युमिनियमला लागतो आणि वास येतो. मिक्सर लावू नये, साल बारीक होऊन रस गढूळ होतो आणि फेस बसत नाही. हातानं किंवा पावभाजीच्या मॅशरनं ठेचावीत, मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवावीत, म्हणजे सालीचा रंग उतरतो. मग मलमलीच्या फडक्यात बांधून टांगावीत. पिळायची घाई केली की गाळ खाली येतो. रस गाळल्यावर पुन्हा एकदा तापवावा. कडेला बारीक बुडबुडे आले पाहिजेत, मधे खळखळ उकळी नको. उकळला तर जॅमची चव येते. साधारण ८० अंशांवर दहा मिनिटं, आणि गरम असतानाच उकळून वाळवलेल्या बाटल्यांत भरून बूच घट्ट लावावं. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं प्रभुभोजनासाठीच ही युक्ती वापरली. बाटलीबंद द्राक्षरसाचा पुढचा सगळा धंदा त्यातून निघाला.

बिघडतं कुठे? ठेचलेली द्राक्षं "उद्या सकाळी बघू" म्हणून रात्रभर तशीच ठेवली की. सालीवर यीस्ट असतंच, मार्चमधली सांगलीची रात्र गरम, सकाळी पातेल्यावर फेस आणि नाकाला झोंबणारा वास. तो रस वाचवायच्या भानगडीत पडू नये. दुसरं, फ्रीजमध्ये चार दिवसांनी तळाशी साखरेसारखे खडे दिसतात आणि कुणीतरी काच म्हणून घाबरतं. ते रसातलंच टार्टरेट असतं. वरचा रस हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतून घेतला की झालं. बंद बाटली फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते, उघडली की तीन-चार दिवस. वर्षाची बेगमी करायची तर प्लास्टिकच्या डब्यांत, वर दोन बोटं जागा सोडून, फ्रीजरमध्ये. काचेची बाटली तिथे तडकते.

द्राक्षं नसतात तेव्हा मनुके. पाव किलो काळे मनुके, सव्वा लिटर पाणी, रात्रभर भिजवून सकाळी वीस मिनिटं उकळायचे, कुस्करून गाळायचे. लिटरभराला थोडा कमी रस होतो, साखर लागत नाही, वाटल्यास लिंबाचे चार थेंब. हिरवा-पिवळा बेदाणा घ्यायचा झाला तर आधी कोमट पाण्यात दोनदा धुवावा. वाळवताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढलेली असतात, काहींना गंधकाची धुरीही दिलेली असते. न धुता उकळला की रसाला चमत्कारिक चव येते.

भाकर म्हणजे इथे पाव. ताजा पाव कापताना चुरा होतो, म्हणून आदल्या दिवशीचा घ्यावा. स्लाइसच्या कडा काढून उभे पाच, आडवे पाच काप, म्हणजे एकीचे पंचवीस तुकडे. १५० माणसांना सहा स्लाइस, वर एक. आधी कापून उघडे ठेवले की पंख्याखाली तासाभरात वाळतात आणि घशात अडकतात. झाकण हवंच. उरलेला पाव नि रस मोरीत टाकायचा नाही. साहेब आणि पंच मिळून संपवतात, नाहीतर झाडाच्या मुळाशी. पेले गरम पाण्यात धुवावेत. साबणाचा वास राहिला तर पुढच्या वेळी रसाला तोच वास.

वेदीच्या पांढऱ्या कापडावर रस सांडतोच. लगेच साबण लावला की डाग निळा-करडा पडतो, कारण द्राक्षाचा रंग क्षारानं पालटतो. आधी गार पाणी, मग लिंबू किंवा व्हिनेगर, मग कापड पातेल्यावर ताणून वरून उकळतं पाणी. साबण सगळ्यात शेवटी.

घरभेटींचं वेगळं. मिरजेत आणि आसपास असलात तर भेटी घरांपेक्षा इस्पितळाच्या वॉर्डांत जास्त. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं इस्पितळ उभं केलं तेव्हापासून मिरजेला लांबून पेशंट येतात, बेळगाव-विजापूरकडचेही. त्यामुळे चार कानडी वाक्यं यावीत: कसं वाटतंय, झोप लागली का, कोण आहे सोबत, प्रार्थना करू का. हा शेवटचा प्रश्न सोडायचा नाही. भेट दहा मिनिटांची. पलंगावर बसायचं नाही, सलाइनच्या बाजूनं हात धरायचा नाही, विचारल्याशिवाय खायला न्यायचं नाही. शेजारच्या बाईचं काय झालं ते इथे सांगायचं नाही. स्तोत्र २३ सगळ्यांना पाठ असतं, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री बऱ्याच जणांना त्यातली "मृत्युच्छाया" नको असते. १२१ वाचावं. आणि औषधाबद्दल एक अक्षर नाही. "प्रार्थना केलीय, आता गोळी कशाला" असं म्हणणारं कुणी खोलीत असेल तर बाईंनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, गोळी घ्यायला सांगावी.

मंडळीतली बाई वारली की स्नान घालायला बायका पाळकीणबाईंची वाट पाहतात. डोळे लगेच मिटवावेत, हनुवटीखालून पट्टी बांधून जबडा बंद करावा, हात सरळ करावेत. दोन-तीन तासांत अंग ताठायला लागतं, मग जमत नाही. दागिने घरच्या माणसानं काढायचे, दोघींच्या देखत मोजून रुमालात बांधायचे, आणि ते कुणाच्या हातात दिले हे मोठ्यानं सांगायचं. हे कोरडं वाटेल. पण अंगठीवरून दोन भावांत उभा दावा लागतो, आणि त्यात "बाई होत्या तिथे" हे वाक्य येतं.

पैशाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. अर्पणाच्या पिशवीला पाळकीणबाईंनी हात लावू नये, मोजायला माणसं कमी असली तरी. दोन वेगळ्या घरांतली माणसं, उपासनेनंतर लगेच, टेबलावर, वहीत दोघांची सही, सोमवारी बँकेत. महिला मंडळाचा खजिनाही दुसरीकडे असावा. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाचं अर्पण गोळा होतं, ते बाईंच्या पर्समध्ये रात्रभर राहिलं तरी आठवडाभर चर्चा पुरते.

कापणीच्या सणाचा लिलाव मात्र बघण्यासारखा. गुळाची ढेप, हळद, कोंबडा, भोपळा, एखादी केकची पेटी. एकच नारळ पाच वेळा विकला जातो, कारण घेणारा परत दान करतो आणि बोली पुन्हा सुरू. गंमत खरी, पण वसुली अवघड. बोली लागली की तिथेच रोख किंवा फोनवरून पैसे, आणि वहीत टिक. "पुढच्या रविवारी देतो" असं लिहिलेली नावं नाताळातही तिथेच असतात.

नाताळचं फार सांगत नाही, करंज्या सगळ्यांना येतात. चहाचं प्रमाण तेवढं: ८० माणसांच्या अर्ध्या कपाला साडेतीन लिटर दूध, तेवढंच पाणी, सहाशे ग्रॅम साखर, सव्वाशे ग्रॅम पावडर. आणि हा चहा मंडळीच्या खर्चात टाकायला पहिल्याच महिन्यात सांगावं. सहा महिने घरातून केला की तो बाईंचाच होऊन बसतो.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते घर. पाळकगृह मंडळीचं असतं. साहेब निवृत्त झाले किंवा अचानक गेले की ते रिकामं करावं लागतं, आणि पन्नाशीतल्या बाईला तेव्हा कळतं की गॅस, वीज, रेशनकार्ड, सगळं कुठल्या ना कुठल्या बदलीच्या गावात अडकलंय. प्रॉव्हिडंट फंडावर नॉमिनी म्हणून नाव आहे का ते दर बदलीला बघावं. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर सासूबाईंचं नाव तसंच असू शकतं. बाईंचं स्वतःचं बँक खातं असावं, त्यात महिन्याला थोडे तरी जावेत. जमेल तेव्हा, जमेल तिथे, अर्धा गुंठा का होईना, दोघांच्या नावावर. बदली मे महिन्यात होते, म्हणून मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले एप्रिलअखेर निकालाबरोबरच मागून ठेवावेत. सुट्टीत शाळेचं ऑफिस उघडं सापडेलच असं नाही.

तर वही. शंभर पानी, साधी. मोटर, दूध, किल्ल्या, कोणाला कोणत्या कानानं ऐकू येतं, कोणाला साखर चालत नाही, कोणाच्या घरी सकाळी जाऊ नये कारण रात्रपाळी असते. कापडं किती, पेले किती, त्यातले फुटके किती. स्वयंपाकघरात बसून कुणी रडून काय सांगितलं, ते या वहीत नाही. नवरा मारतो, मुलगी पळून जाणार आहे, कर्ज झालंय, हे साहेबांनाही सांगायचं की नाही ते त्या बाईला विचारून. मार खाल्लेल्या बाईला नुसती प्रार्थना करून परत पाठवू नये. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला असावा, साध्या चिठ्ठीवर, बाकीच्या नंबरांत, म्हणजे कोण बघतंय ते कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करताना द्राक्षरसाचे डबे तेवढे राहू द्यावेत, तारखेची चिठ्ठी लावून. नव्या बाईंचं सामान अजून टेम्पोत असतं, पहिला रविवार तीन दिवसांवर, आणि जूनमध्ये काळी द्राक्षं मिळत नाहीत.